वाइन टाकताना 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस', पण होल्डवर तर काहीच नाही

दुपारचा_चहा: मंडळी, उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, विंडोजचं एक जुनं ३२ बिटचं डीटीपी सॉफ्टवेअर चालवायचंय म्हणून वाइन टाकतोय, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं. आय३८६ (३२ बिटचं) आर्किटेक्चर ऍड केलं, ऍप्ट (पॅकेजेस टाकणारी कमांड) अपडेट केलं, तरी वाइन३२, म्हणजे वाइनच्या ३२ बिट भागावर अडकतं आणि 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' असा एरर येतो. होल्डवर, म्हणजे आहे त्याच व्हर्जनवर गोठवलेलं काही आहे का बघायला ऍप्ट-मार्क शोहोल्ड केलं तर एक ओळ नाही. फिक्स-ब्रोकन पण करून झालं. फॉरमॅट मारायचा नाहीये प्लीज, कामाची मशीन आहे.

कर्नल_पॅनिक: डीपीकेजीला (ऍप्टच्या खालचं टूल) फोर्स लावून जबरदस्तीने टाक आणि मोकळा हो.

जुना_डेबियनवाला: असले सल्ले देऊ नका हो, उद्या तो ऍप्टने काहीही टाकायला गेला तरी आधी हेच रडगाणं ऐकावं लागेल. २०२१ मध्ये पॉप ओएसवर (उबुंटूवरच बेतलेलं लिनक्स) स्टीम हे गेमचं ऍप टाकताना एका मोठ्या यूट्यूबरचा अख्खा डेस्कटॉप उडाला होता, स्क्रीनवर वॉर्निंग असताना.

चहावाले, त्या 'हेल्ड' शब्दामागे जाऊ नका, कुठल्या पॅकेजला कुठलं लागतं हे गणित ऍप्टला सुटलं नाही की ते हेच म्हणतं. खरा दोषी शोधायचा तर एकेक पायरी खाली उतरा. वाइन३२ ज्याच्यावर अडलंय तेच पॅकेज कोलन आय३८६ लावून इन्स्टॉल करायला सांगा, ते पुढचं नाव सांगेल, मग ते टाका. शेवटी जे सापडेल त्याचं ऍप्ट पॉलिसी (कुठलं व्हर्जन कुठून येतं ते) इथे टाका. आणि बाहेरचा पीपीए, म्हणजे उबुंटूबाहेरच्या कुणाचा पॅकेजसाठा, जोडलाय का कुठला?

दुपारचा_चहा: पीपीए आहे, नवीन पीएचपीसाठी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) घेतलेला. उतरत उतरत लिबसेलिनक्स१ आणि तिथून लिबपीसीआरई२-८-० या लायब्ररीवर आलो. इन्स्टॉल्ड १०.४२ दाखवतंय पीपीएमधलं, उबुंटूचं १०.३९.

जुना_डेबियनवाला: सापडलं. ही लायब्ररी 'मल्टी-आर्क सेम' आहे, म्हणजे ६४ बिट आणि ३२ बिट दोन्ही ठेवायच्या तर व्हर्जन तंतोतंत एकच लागतं. १९.१० पासून उबुंटूने आय३८६ जवळजवळ बंदच केलं, वाइन आणि स्टीमवाल्यांनी ओरडा केला म्हणून २०१९ मध्ये थोडी पॅकेजेस शिल्लक ठेवली. तुमच्या पीपीएत १०.४२ फक्त ६४ बिटचं, ३२ बिटचं १०.३९ च मिळणार, मग जुळणार कसं?

६४ बिटवालं १०.३९ वर उतरवा, नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि ऍप्ट पॉलिसीत दिसतं ते उबुंटूचं पूर्ण व्हर्जन लावून. त्याची डेव्ह, १६, ३२, पॉझिक्स अशी जी भावंडं (त्याच लायब्ररीची इतर पॅकेजेस) इन्स्टॉल असतील त्यांनाही त्याच कमांडमध्ये घ्या, नाहीतर नवीन भांडण. पण आधी हायफन एस लावून नुसतं सिम्युलेट करा आणि 'रिमूव्ह' ची यादी नीट वाचा, पीएचपी त्यात दिसलं तर थांबा.

रिकामा_टर्मिनल: पीपीए-पर्ज का नाही? पीपीए काढून त्यातलं सगळं उबुंटूच्या व्हर्जनवर आणतं ते.

जुना_डेबियनवाला: चालेल की, पण मग पीएचपी पण उबुंटूच्या ८.१ वर येईल, ते त्यांना परवडतंय का बघा. नसेल तर नवीन पीएचपी डॉकरमध्ये, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या कंटेनरमध्ये, मला तरी तेच बरं वाटतं. किंवा वाइनच फ्लॅटपॅकमधून (स्वतःच्या लायब्ररी सोबत आणणारी पॅकेजेस), बॉटल्स हे वाइन चालवणारं ऍप घेऊन, म्हणजे सिस्टीमच्या लायब्ररींना हातच लागत नाही.

दुपारचा_चहा: सिम्युलेशनमध्ये रिमूव्ह शून्य आलं, मग खरं चालवलं, वाइन३२ बसलं. पीएचपी पण चालतंय. पुढच्या अपग्रेडला परत १०.४२ येणार ना?

जुना_डेबियनवाला: येणार. आता मात्र १०.३९ वर खरंच होल्ड लावा.