साध्या गोष्टीवरनं डोकं सटकतं, "अर्थ बदलून बघ" म्हणतात ते रोजच्याला करायचं कसं?

उद्यमबाग_टर्नर

नमस्कार मंडळी, मी बेळगावातल्या अनगोळचा. उद्यमबागेत एका मशीनशॉपला सीएनसी टर्निंगवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर आहे, अकरा वर्षं झाली. कामाची तक्रार नाही, हात चांगला आहे. तक्रार डोक्याची आहे.

गेल्या बुधवारचं सांगतो. फर्स्ट शिफ्ट होती. आमच्यात क्वालिटीला एक जुने अण्णा आहेत. ते आले, माझ्या ट्रेमधले तीन पीस उचलले, मायक्रोमीटर लावला, काय बोलले नाहीत, माझ्याकडं बघितलं पण नाही, तिन्ही पीस लाल, म्हणजे रिजेक्टच्या ट्रेत ठेवले आणि गेले निघून. बास, एवढंच. खरं माझ्या अंगात असं काय तर पेटलं की कान गरम झाले, इतकी वर्षं घासून ह्या माणसाला माझी किंमत नाही, नवीन पोरांसमोर माझी लायकी काढली, हेच डोक्यात फिरायला लागलं. मशीन थांबवून त्यांच्या मागनं गेलो आणि नको ते बोललो. वयाचा पण मान ठेवला नाही.

तोच ताप घेऊन घरी. दारात पोरीचं दप्तर पडलेलं, त्यावरनं ओरडलो, दप्तर उचलून कट्ट्यावर फेकलं. पोरगी दुसरीत आहे. रात्री बायको म्हणाली, "तुमच्या गाडीचा आवाज आला की ती टीव्ही बारीक करते आणि आधी माझ्या तोंडाकडं बघते." हे मला माहीतच नव्हतं ओ. तेव्हापासनं झोप नीट लागत नाही.

मागं कंपनीत ट्रेनिंगला एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं की घटनेनं राग येत नाही, आपण तिचा जो अर्थ लावतो त्यानं येतो, अर्थ बदलला की भावना पण बदलते. ऐकायला बरं वाटलं. खरं दोन गोष्टी कळत नाहीत. विचार करेपर्यंत माझं तोंड सुटलेलं असतं, मग अर्थ बदलायचा कधी? आणि ही नुसती स्वतःची समजूत घालणं झालं की, खोटंच स्वतःला सांगत बसायचं काय? कुणी खरोखर करून बघितलं असेल तर तेवढं सांगा.

खानापूर_अक्का

बाळा, एकेरी बोलते, राग मानू नकोस. मी मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवून रिटायर झाले.

मला "अर्थ बदल" हे बोलणंच जरा घाईचं वाटतं. बदलायला आधी तो अर्थ सापडायला पाहिजे ना. तुझीच पोस्ट परत वाच. घडलं काय? अण्णांनी तीन पीस मोजले, लाल ट्रेत ठेवले, बोलले नाहीत. तिथं कॅमेरा असता तर एवढंच दिसलं असतं. "किंमत नाही", "लायकी काढली" हे कॅमेऱ्यात कुठं दिसलं असतं? ते तू घातलंस. खोटं घातलंस असं म्हणत नाही मी, कदाचित खरं पण असेल, पण तपासायच्या आधी घातलंस.

अल्बर्ट एलिस म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते, १९१३ ते २००७. त्यांनी १९५५च्या सुमाराला ही पद्धत मांडायला सुरुवात केली. घटना, मधला विचार आणि मग भावना, असे तीन कप्पे. आपण मधला कप्पा विसरतो आणि घटनेवर सगळं ढकलतो. एलिस स्वतः म्हणायचे की ह्याचं मूळ जुनं आहे, एपिक्टेटस नावाचा एक तत्त्वज्ञ होता, जन्मानं गुलाम, त्यानं एकोणीसशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. आपल्याकडं हे आणलं मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी, ते एलिसना पत्रं लिहून लिहून शिकले.

आता तुझा पहिला प्रश्न. तोंड सुटायच्या आधी पकडायला सुरुवातीला जमणार नाही, कुणालाच जमत नाही. म्हणून रात्री पकड. पोरीच्या जुन्या वहीत तीन रकाने आखायचे आणि दिवसातली एकच गोष्ट लिहायची: काय घडलं, मी मनात काय म्हणालो, अंगात काय झालं. पंधरा दिवसांनी तेच संध्याकाळी लक्षात यायला लागतं, मग तासाभरात, मग कधी तर बोलता बोलता. मला दीड वर्ष लागलं.

लिहिताना "च" शोधायचा. "त्यांनी मला विचारलंच पाहिजे", "पोरीनं दप्तर जागेवर ठेवलंच पाहिजे". त्या "च"च्या जागी "ठेवलं तर बरं" लिहून बघ आणि छातीत काय होतंय बघ. वाक्यातलं एक अक्षर आहे, खरं सगळी आग तिथंच असते.

माझं सांगते. फळ्यावर लिहिताना मागं पोरं हसली की ती माझ्यावरच हसतात असं मी धरून चालायची, कारण नवीन असताना एका वर्गानं मला खरंच रडवलं होतं. एकदा अशीच वळले आणि पहिल्या बाकावरच्या पोराला छडी मारली. खिडकीत माकडाचं पिल्लू येऊन बसलं होतं, ते बघून हसला होता तो. मारल्यावर त्यानं हात मागं घेतला नाही, तसाच पुढं धरून उभा राहिला, अजून एक मिळणार म्हणून. तो हात मला अजून दिसतो.

निपाणी_वाला

सगळ्यांचा मान ठेवून सांगतो, मला हे अर्धंच पटतंय.

मागच्या महिन्यात आजीच्या पेन्शनच्या कागदासाठी एका ऑफिसात गेलो होतो. फॉर्म कन्नडमध्ये. काय भरायचं ते मराठीत सांगा म्हटलं तर काउंटरवरच्या माणसानं फॉर्म परत सरकवला आणि पुढच्याला हाक मारली. आजी ७८ वर्षांची, काठी टेकून उभी. अक्का, तुमच्या कॅमेऱ्यात हे दिसलं असतं की नाही? ह्यात मी दुसरा अर्थ काय लावू? तो दमला असेल म्हणू? आपल्या सीमाभागात १९५६ पासनं तीन पिढ्या हेच ऐकत आल्यात, समजून घ्या, जरा दमानं घ्या. राग आला म्हणून तर माणूस उठून काय तर करतो. राग पण काढून घेतला तर उरलं काय?

टर्नरभाऊ, तुमच्या पोरीचं वाचून वाईट वाटलं, तिथं तुम्हाला बदलायलाच पाहिजे. खरं प्रत्येक वेळी आपलीच नजर चुकीची, असं नका धरू.

शहापूरची_लेक

माझं माहेर शहापूर, दिलं गोकाककडं. घर पूर्ण कन्नड. मला तेव्हा कन्नड म्हणजे बाजारात भाव करण्यापुरतं यायचं.

पहिल्याच महिन्यात चुलीपुढं भाकरी थापायला बसले होते, सात-आठ झाल्या होत्या. सासूबाई आल्या, काठवट माझ्या पुढनं ओढून घेतली आणि म्हणाल्या, "साकु बिडु." साकु म्हणजे पुरे, बिडु म्हणजे सोड, हे कळत होतं मला. मी अर्थ घेतला, पुरे तुझी भाकरी, सोड, तुला जमत नाही. पाणी आणायला गेले तरी तेच, कपडे धुताना तेच, "साकु बिडु." आठ महिने मी ह्या दोन शब्दांवर रडलेय. माहेरी फोन करून आईला सांगायचे की मला कशाला हात लावू देत नाहीत.

मग एकदा नणंद माहेरपणाला आली होती, अंगात ताप, तरी अंगण झाडायला लागली. सासूबाई गेल्या, तिच्या हातातला झाडू घेतला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "साकु बिडु." तोच आवाज, तेच शब्द. मी दारात उभी होते. पुरे झालं गं, राहू दे आता, असं होतं ते. मराठीत माझी आई पण असंच म्हणाली असती.

सगळंच तसं नव्हतं. काही बोलणी खरंच टोचायलाच होती, ती टोचायचीच होती हे आजही माहीत आहे मला. खरं त्या दिवसापासनं मी वेगळं वेगळं करायला शिकले, कुठलं लागायला म्हटलंय आणि कुठलं मी लावून घेतलंय. निम्मं ओझं तिथंच उतरलं.

वडगाव_विणकर

फॉलो करतोय. माझं पण हेच आहे, मालकाचा फोन आला की नाव बघूनच पोटात गोळा येतो.

मानस_धारवाड

मी मूळची टिळकवाडीची, धारवाडला समुपदेशनाचं काम करते. निपाणीवाल्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आधी त्याचं सांगते.

दादा, तुमचा राग खोटा नाही. अर्थ बदलणं हे सगळ्या रोगावरचं औषध नाही, हे संशोधनातच आलंय. २०१३ साली अ‍ॅलिसन ट्रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता. ज्या तणावावर माणसाचा काहीच इलाज चालत नाही तिथं नजर बदलता येणाऱ्यांना निराशा कमी दिसली. पण जी परिस्थिती हातानं बदलता येते तिथं हीच सवय उलटी पडली, तिथं निराशा जास्त दिसली. म्हणजे छपराला भोक असेल तर "पाऊस छान आहे" म्हणत बसायचं नाही, पत्रा बदलायचा. तुमच्या काउंटरचं तसंच आहे. त्या माणसाला माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा, वरच्या साहेबाला भेटा. हे सगळं करायला हात थरथरत नसलेला बरा. एलिस संताप आणि नाराजी ह्यात फरक करायचे. संतापात माणूस काउंटरवर मूठ आपटतो आणि मग सगळे त्या मुठीबद्दलच बोलतात, आजीचा कागद राहतो बाजूला. नाराज माणूस तिसऱ्यांदा पण अर्ज घेऊन जातो.

आता टर्नरदादांचा दुसरा प्रश्न, खोटं सांगणं झालं का. राग गिळणं आणि अर्थ तपासणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक दोन्हीला "कंट्रोल" म्हणतात म्हणून घोटाळा होतो. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९९८चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना ऑपरेशनची अंगावर येणारी फिल्म दाखवली. काहींना सांगितलं नुसतं बघा, काहींना सांगितलं चेहऱ्यावर काय दिसू देऊ नका, काहींना सांगितलं की तांत्रिक नजरेनं, त्यातलं तंत्र बघत बघा. ज्यांनी चेहरा दाबून धरला त्यांना किळस तेवढीच आली, उलट शरीरातला ताण वाढला. ज्यांनी नजर बदलली त्यांना किळसच कमी वाटली. गिळलेला राग कुठं जात नाही, दादा. तो तुमच्या बाबतीत दप्तरावर निघाला.

आणि "अण्णा चांगलेच आहेत, मला काय वाटलंच नाही" असं म्हणायचं नाही बरं का, ते खोटंच होईल आणि मन ते मानत पण नाही. तीन-चार कारणं मनात मांडायची. अण्णा रागावले असतील. घाईत असतील. पीस खरंच आउट असतील. किंवा तुमच्याशी ह्याचा काही संबंधच नसेल. मग जाऊन विचारायचं. तुम्ही सीएनसीवर आहात ना, पीस न मोजता ऑफसेट मारता का कधी, म्हणजे मशीनचं माप बदलता का?

अजून एक. कान गरम झाल्यावर अर्थबिर्थ शोधायला जाऊ नका, त्या वेळी डोकं ते काम करत नाही. त्या वेळी फक्त जागा सोडा, पाणी प्या, तोंडावर पाणी मारा, दहा मिनिटं जाऊ द्या. अर्थाचं काम नंतर. इथन क्रॉस म्हणून एक संशोधक आहेत, त्यांच्या अभ्यासात दिसलंय की मनात स्वतःला नावानं हाक मारून बोललं तर माणूस जरा लांबून बघू शकतो. "मी काय करू" ऐवजी आपलं नाव घेऊन "अरे अमुक, आता काय करायचं". शेजाऱ्याला सल्ला देताना आपण किती शांत असतो, तसंच.

झोप लागत नाही म्हणालात म्हणून सांगते, हे आठवडे चाललं किंवा हात उचलायची वेळ आली तर एकट्यानं वहीवर अवलंबून राहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरनं मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर आहे, २०२२ला सुरू झाला, फुकट आहे, मराठीत पण बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, इकडं धारवाडला डिम्हान्स ही मनाच्या आजारांची सरकारी संस्था आहे. जायला लाजू नका.

निपाणी_वाला

पत्र्याचं पटलं, ताई. अर्ज दिला नव्हता मी, भांडूनच आलो होतो. सोमवारी आजीला घरी ठेवून एकटा जातो. आणि तो फॉर्म कन्नड येणाऱ्या मित्राकडनं भरून घेतो, तोपर्यंत आजीची पेन्शन कशाला अडवायची. मराठीत माहिती मिळावी म्हणून दुसरा अर्ज वेगळा देतो.

उद्यमबाग_टर्नर

बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं.

अक्का, वही केली. मधले तीन दिवस चुकले. पहिल्या रात्री तीन ओळी लिहायला अर्धा तास गेला, कारण "काय घडलं" ह्या रकान्यातच मी "मुद्दाम" हा शब्द लिहिला होता. मग खोडला.

ऑफसेटचं डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत अण्णांकडं गेलो आणि विचारलं, ते तीन पीस कशाला काढले होते. ते म्हणाले ड्रॉइंगला सकाळीच नवीन रिव्हिजन आलेली, बोअरचा टॉलरन्स, म्हणजे भोकाच्या मापात चालणारा फरक बदलला, म्हणून सगळ्या मशीनचे पीस काढून ठेवले होते, तुझ्या एकट्याचे नव्हते. सांगायला थांबलो नाही कारण वरनं फोन येत होते. मी त्या बुधवारी बोललो त्याबद्दल माफी मागितली. त्यावर काय बोलले नाहीत, आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला. जाताना बोलले, सांगायला पाहिजे होतं मी, ते माझं चुकलं.

शनिवारी परत चुकलं. भावानं जागेचा विषय काढला आणि माझा आवाज चढला. खरं त्या वेळी पहिल्यांदा मधेच कळलं की कान गरम झालेत. उठून मागच्या दारी गेलो. बोलायचं ते निम्मं बोलून झालं होतं, निम्मं राहिलं.

पोरीचं सांगायचं म्हणून लिहायला बसलो. काल गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरच बंद केली आणि ढकलत आणली. आतनं टीव्हीचा आवाज येत होता, मोठा. दारात उभा राहून ऐकला. आत गेलो तर तिनं लगेच रिमोट उचलला. म्हटलं राहू दे गं, असू दे मोठा. तिनं आधी आईकडं बघितलं, मग रिमोट खाली ठेवला.