पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचे आहेत: आधी काय काय जमवावे?

प्रश्न

ब्रेक दाबला की माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांतून गेले काही दिवस किरकिर आवाज येतो. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिले, तेव्हा बाहेरच्या पॅडचे अस्तर जेमतेम ३ मिमी उरलेले दिसले. ऑइल आणि एअर फिल्टर मी स्वतः बदलतो, परंतु ब्रेकला आजवर हात लावलेला नाही. गाडीसोबत मिळालेला जॅक, चाकाचा पाना आणि साधा सॉकेट संच एवढेच माझ्याजवळ आहे. तेवढ्यावर काम भागेल का, आणि डिस्कही बदलावी लागेल का?

उत्तर १

भागणार नाही, आणि उणीव सर्वांत आधी जॅकच्या बाबतीत आहे. गाडीसोबत येणारा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो. चाक काढून तासभर काम करायचे असेल, तर गाडीचा भार जॅक स्टँडवरच घ्यावा, आणि तेही सपाट, टणक जमिनीवर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करून घ्यावेत.

बाकीच्या वस्तूंत टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळण्यासाठी), पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलण्यासाठी सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचे खास ग्रीस आणि कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टांगून ठेवायला जाड तारेचा तुकडा हवा. ही तार क्षुल्लक वाटते, पण ती नसली की सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळतो आणि नळी आतून खराब होऊ शकते.

डिस्कचा निर्णय अंदाजाने घेऊ नये. डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजून पाहावे. कडेला झिजेमुळे उंचवटा तयार होत असल्याने साध्या व्हर्नियरने जाडी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

उत्तर २

वरील यादीत ब्रेक ऑइलच्या टाकीचा उल्लेख राहिला. पॅड झिजत जातात तशी टाकीतील पातळी उतरते, आणि मधल्या काळात कोणी ती ‘मॅक्स’पर्यंत भरली असेल, तर पिस्टन मागे ढकलताना ऑइल वर येऊन बाहेर सांडते. एकदा माझ्या बॉनेटखालचा रंग त्याने उठवला होता. म्हणून आधी पिचकारीने थोडे ऑइल काढून घ्यावे, शेजारी पाण्याची बाटली ठेवावी आणि सांडल्यास लगेच धुवावे. ऑइल भरायची वेळ आलीच, तर टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे आणि सीलबंद डब्यातलेच घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते: डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषल्यावरची मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते.

एका वेळी एकच बाजू खोलावी. क्लिपा कशा बसतात याविषयी घोटाळा झाला, तर दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते. आणि ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, क्लीनरने ओली करून पुसावी.

प्रश्नकर्ता

स्टँड मिळवले आणि काल एक चाक काढून नुसती पाहणी केली. बाहेरच्या पॅडवर ३ मिमी आहे, परंतु आतल्यावर जेमतेम १ मिमी! कॅलिपरची खालची पिन हाताने सरकतच नाही. डिस्कची जाडी मर्यादेच्या बरीच वर आहे.

उत्तर १

मग मूळ दुखणे पिनचे आहे. कॅलिपर नीट सरकत नसला की आतले पॅड जास्त घासले जाते, आणि पिन तशीच ठेवून नवे पॅड बसवले, तर तेही तसेच झिजतील. पिन बाहेर काढून जुने ग्रीस पूर्ण पुसावे, गंज खोलवर गेला असेल किंवा रबरी टोपण फाटले असेल, तर दोन्ही नवे घ्यावेत. पेट्रोलियमजन्य साधे ग्रीस येथे वापरू नये, त्याने रबर फुगते; सिलिकॉनचे घ्यावे. पिनचे बोल्ट आणि चाकाचे नट किती आवळायचे, ते गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यांवरून ठरवावे. सर्व जोडून झाल्यावर, गाडी जागची हलवण्यापूर्वी, पेडल टणक लागेपर्यंत दाबत राहावे. पहिल्या काही वेळा ते थेट खालपर्यंत जाते, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत पोहोचलेला नसतो.