विषय: कंबोडियातील बालगृहासाठी आपल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आपल्या युवा विभागातील अकरावी-बारावीचे विद्यार्थी डिसेंबरच्या सुट्टीत कंबोडियाच्या कांदाल प्रांतातील एका बालगृहात दोन आठवडे स्वयंसेवेसाठी जाऊ इच्छितात. तेथे सुमारे चाळीस मुले राहतात. आवारात कूपनलिका खोदणे, स्वच्छतागृहांची दुरुस्ती, वर्गखोलीची रंगरंगोटी आणि सायंकाळी मुलांना इंग्रजी शिकवणे अशी आखणी विद्यार्थ्यांनी स्वतः केली आहे. गणेशोत्सवात जमलेल्या निधीतील काही भाग या कामाला द्यावा, असा कार्यकारिणीचा विचार आहे. सभासदांनी आपल्या सूचना मोकळेपणाने कळवाव्यात.

समन्वयक, युवा विभाग

---

सप्रेम नमस्कार,

मुलांनी सुट्टीतील दोन आठवडे परक्या मुलांसाठी राखून ठेवले, याचा मला मनापासून आनंद झाला. पाणीपुरवठा हे माझे कामाचे क्षेत्र असल्यामुळे कूपनलिकेविषयी आधी लिहिते, कारण या आराखड्यात मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

कांदाल प्रांत मेकाँग आणि बासाक या नद्यांनी आणलेल्या गाळावर वसलेला आहे. या गाळातील लोहाच्या संयुगांना चिकटलेले आर्सेनिक, जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या स्थितीत, भूजलात उतरते. अशा पाण्याला रंग, वास किंवा वेगळी चव नसते, आणि ते उकळल्याने आर्सेनिक जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम असून कंबोडियाची स्वतःची मर्यादा 50 आहे. कांदालमधील अनेक कूपनलिकांचे पाणी या दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ वर आढळले आहे. तळहात-तळपायांची त्वचा जाड होणे, अंगावर डाग पडणे आणि पुढे कर्करोग हे परिणाम अनेक वर्षांनी दिसतात, म्हणजे आपली मुले परत येऊन पदवीधर झाल्यानंतर. बांगलादेशात 1970 च्या दशकापासून दूषित तळ्यांना पर्याय म्हणून सद्हेतूनेच लाखो कूपनलिका बसवल्या गेल्या आणि त्यातून कोट्यवधी लोकांच्या पोटात आर्सेनिक गेले. शेजारच्या घरची कूपनलिका चांगली आहे, एवढ्यावरही विसंबता येत नाही, कारण थोड्या अंतरावरसुद्धा प्रमाण बदलते.

त्याऐवजी पावसाचे पाणी साठवावे. तेथील कुटुंबे सिमेंटच्या मोठ्या रांजणांत ते पूर्वीपासून साठवत आली आहेत. वर्षाला सुमारे 1,300 मिलिमीटर पाऊस धरला, तर 200 चौरस मीटर पत्र्याच्या छपरावरून गळती वजा जाता दोन लाख लिटर पाणी मिळू शकते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर, म्हणजे चाळीस मुलांना रोज 200 लिटर लागतील. नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या सहा महिन्यांसाठी 36 हजार लिटरचा साठा हवा. पन्हाळी, पहिल्या सरीचे पाणी बाजूला काढण्याची सोय, झाकणे आणि डासांसाठी जाळी हे सारे तेथील गवंडी आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक चांगले करतील. स्वच्छतागृहांचेही तेच. हा पुराचा प्रदेश आहे. जोते उंच नसेल, तर मैलाखड्ड्यातील घाण पावसाळ्यात आवारभर पसरेल.

आता थोडे अवघड. 2005 ते 2010 या काळात कंबोडियातील बालगृहांची संख्या 154 वरून 269 वर गेली आणि 2011 मधील सरकार व युनिसेफ यांच्या अहवालानुसार तेथील सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एकजण हयात होते. गरीब आई-वडील शिक्षण आणि दोन वेळच्या जेवणाच्या आशेने मुले सोपवतात, परदेशी देणगीदार आणि स्वयंसेवक येतात, आणि त्यांच्या पैशावर आणखी बालगृहे उभी राहतात. आपण राहतो त्या ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीनेही 2017 च्या अहवालात अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानला. हे बालगृह तसे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु ते सरकारकडे नोंदणीकृत आहे का, किती मुलांचे नातलग हयात आहेत आणि मुलांना घरी परत पाठवण्यासाठी तेथे कोण काम करते, हे पैसे पाठवण्यापूर्वी विचारणे आपले कर्तव्य आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनाही मूल कुटुंबात वाढावे म्हणूनच दरमहा साहाय्य देते.

सायंकाळचे इंग्रजीचे वर्ग मात्र कृपया वगळावेत. दर पंधरवड्याला नवी ताई-दादा मंडळी येतात, लळा लावतात आणि निघून जातात. ज्या मुलांनी आधीच घर गमावले आहे, त्यांच्यावर ही वेळ आपण आणू नये.

एक आजीव सभासद

---

आदरणीय मावशी,

आपले पत्र आम्ही सर्वांनी एकत्र बसून वाचले. कूपनलिका आणि इंग्रजीचे वर्ग आम्ही आराखड्यातून काढत आहोत. नोंदणी, नातलग आणि घरवापसी यांविषयीचे प्रश्न समन्वयकांच्या सहीने या आठवड्यात बालगृहाला पाठवू. उत्तरे समाधानकारक नसतील, तर मुलांना त्यांच्या गावी, कुटुंबात सांभाळण्यासाठी साहाय्य करणाऱ्या स्थानिक संस्थेला निधी द्यावा, असे आमच्यातील बहुतेकांचे मत आहे. उत्तरे चांगली आली, तर प्रवासखर्चाची रक्कमही टाक्यांसाठी आणि तेथील गवंड्यांच्या मजुरीसाठी वापरता येईल, असा प्रस्ताव आम्ही पालकांसमोर ठेवत आहोत. छपराची मापे आणि जुन्या कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी यांची मागणीही त्याच पत्रात करतो. पत्राचा मसुदा पाठवण्यापूर्वी आपण एकदा तपासून द्याल का?

विद्यार्थी प्रतिनिधी, युवा विभाग