निळ्या डब्यातले मॉरिसचे कागद

*ग्रुप: आपली माणसं (पुणे–ठाणे–लेस्टर)*

शुभाआत्या, स. ८.०४
गॅरेजमधला बिस्किटांचा निळा डबा कोणी रिकामा केला? चकल्या भरायला घरात दुसरा डबा नव्हता? आपल्या मॉरिस मायनर गाडीचे सगळे कागद होते त्यात.

रोहन, ८.०९
आई, जुन्या पावत्या होत्या गं. रिसायकलिंगमध्ये टाकल्या. विकायला लागते ती व्ही-५-सी, म्हणजे आताची नोंदणीची प्रत, आणि ती फाइलमध्ये आहे.

शुभाआत्या, ८.१०
पावत्या म्हणे!

अण्णाकाका (ठाणे), ८.१२
सुप्रभात 🌹 गाडी विकायचं ठरलं वाटतं. बरं झालं ग्रुपवर तरी कळलं.

मंदार (कॉव्हेंट्री), ८.१५
रोहन, कचऱ्याची गाडी यायच्या आत बिन उलटा कर, बाकीचं नंतर बोलू. मळकट पिवळ्या रंगाचं घडीचं पुस्तक दिसलं तर ते जुनं लॉगबुक. १९७४ च्या सुमारास नोंदणी स्वान्सीला डीव्हीएलएकडे, म्हणजे सरकारी वाहन-नोंदणी कचेरीकडे गेली. त्याआधी ती कौंटी नाहीतर शहराची कौन्सिल करायची. मालक, पत्ता, रंग, इंजिन, जे बदलेल त्याची नोंद त्या पुस्तकात, वर तारखेचा शिक्का. व्ही-५-सीवर आधीच्या मालकांचा नुसता आकडा असतो.

नानाकाका (पुणे), ८.१७
पुढच्या चाकाच्या सांध्याला, ट्रनियनला, ईपी-९० गिअर ऑइल घाला. ग्रीस नको. चाक मोडून आडवं पडतं.

मंदार, ८.२१
नानाकाका, ते ट्रायम्फ हेराल्ड गाडीचं. तिच्या पितळी ट्रनियनमध्ये ग्रीस घट्ट होऊन बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही. आत पाणी राहतं, उभा लोखंडी दांडा गंजतो आणि तिथेच तुटतो. म्हणून तिथे ऑइल. मायनरला ग्रीसच. गाडी जॅकवर घ्यायची, चाकावरचा भार काढायचा आणि कडेने नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. हे चुकवलं तर मात्र मायनरचंही चाक आडवं पडतं.

नानाकाका, ८.२२
हेराल्ड पण ब्रिटिशच आहे.

अण्णाकाका, ८.२४
खरी मॉरिस म्हणजे आपली अँबॅसडर. ही मायनर म्हणजे खेळणं.

मंदार, ८.२७
अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३. तिच्या आधीची लँडमास्टर म्हणजे ऑक्सफर्ड सीरीज २. मायनर आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' नावाने आली होती. आणि खेळणं म्हणाल तर सोळा लाखांवर खपलेलं खेळणं. दहा लाखावी गाडी डिसेंबर १९६० मध्ये निघाली, त्या आनंदात साडेतीनशेच्या आसपास गाड्या फिकट जांभळ्या रंगवल्या, आत पांढऱ्या सीटा.

केतकी, ८.२८
जांभळी मायनर 😍 आपली का नाही जांभळी?

अण्णाकाका, ८.२९
आणि प्रीमियर पद्मिनी?

केतकी, ८.३०
ती फियाट, इटालियन. अण्णाकाका, आज पेपर अवघड आहे 😄

शुभाआत्या, ८.३३
थट्टा पुरे. परवा जो बघायला आला तो म्हणतो गाडीचा रंग मूळचा नाही, इंजिनही नाही, सांगता त्यातलं काही सिद्ध करता येतं का? तेव्हापासून माझं डोकं उठलंय. आणि इथे कागद कचऱ्यात.

अण्णाकाका, ८.३५
भाऊजींनी ती लेस्टरला कोरी घेतली, ६६ साली. सगळ्यांना ठाऊक आहे. सिद्ध काय करायचं त्यात?

मंदार, ८.४१
काका, नंबरप्लेटच वेगळं सांगते. शेवटी 'ई' आहे, म्हणजे १९६७, तेही जानेवारी ते जुलै. वर्षाचं अक्षर त्या साली जानेवारीऐवजी ऑगस्टपासून बदलायचं ठरलं, म्हणून 'ई'ला सातच महिने मिळाले. आणि आकड्यांच्या आधीची शेवटची दोन अक्षरं 'के-व्ही', ती कॉव्हेंट्रीची. लेस्टर शहराची 'बी-सी', 'जे-एफ', 'आर-वाय'. पहिली नोंदणी कॉव्हेंट्रीत झाली, एवढं नक्की.

अण्णाकाका, ८.४३
म्हणजे भाऊजी खोटं बोलत होते असं म्हणायचंय का तुला?

मंदार, ८.४४
मी प्लेट वाचली, काका. एवढंच.

शुभाआत्या, ८.४५
कोरी घेतली असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते तुझंच आहे अण्णा.

नानाकाका, ८.४६
ईपी-९०.

मंदार, ८.५२
रोहन, बॉनेट उघड. मागच्या पत्र्यावर, केबिनच्या भिंतीला चेसिसची पट्टी असेल. इंजिनच्या उजव्या अंगाला डायनॅमोच्या वर दुसरी लहान पट्टी. रॉकेलचं फडकं फिरव, सँडपेपर लावू नकोस. फोटो नीट नाही आला तर कागद ठेवून पेन्सिल घास.

रोहन, ९.१०
चेसिस: एम-ए-डब्ल्यू-५-डी, पुढे आकडे. इंजिन १२ ने सुरू होतं.

मंदार, ९.१६
एम म्हणजे मॉरिस, ए म्हणजे मायनर, डब्ल्यू म्हणजे ट्रॅव्हलर (मागे लाकडी चौकटीची इस्टेट), ५ म्हणजे १०९८ सीसीची मालिका, डी म्हणजे डीलक्स. गाडी अस्सल ट्रॅव्हलर आहे, साध्या सलून मॉडेलला मागून लाकूड ठोकलेली नाही. इंजिन मात्र बदललंय. मूळचं असतं तर नंबर '१०-एम-ए'ने सुरू झाला असता. हे १२७५ दिसतंय. त्याच ए-सीरीज घराण्यातलं, म्हणून बसतं. गुन्हा नाही, पण व्ही-५-सीवरचा इंजिन नंबर आणि सीसी जुळतात का बघ. नसतील तर कळवून दुरुस्त करून घे. आणि पुढे अजून ड्रम ब्रेकच असतील तर घेणाऱ्याला आधीच सांग. जास्तीचा जोर त्या ड्रमना झेपत नाही.

केतकी, ९.२०
आणि रंग? बाहेरून ट्रफाल्गर ब्लू. दाराचं आतलं कव्हर सैल होतं, मागे डोकावले तर हिरवा.

मंदार, ९.२५
मग मूळची आल्मंड ग्रीन असावी. रंगवणारे दाराच्या कव्हरमागे आणि गालिच्याखाली फवारा मारत नाहीत. पक्कं उत्तर वॉरविकशरमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मिळतं. चेसिस नंबर कळवला की कारखान्याच्या वहीतून हेरिटेज सर्टिफिकेट करून देतात. नोंद टिकलेली असेल तर बांधणीची तारीख, रंग, मूळ इंजिन नंबर, कोणत्या डीलरला पाठवली, सगळं येतं. मालकांची नावं येत नाहीत. त्यासाठी डीव्हीएलएचा व्ही-८८८ फॉर्म. तिथे सबळ कारण लिहावं लागतं आणि खाजगी माणसांची नावं ते बहुधा झाकतात. मायलेजसाठी एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीचा इतिहास ऑनलाइन आहे, पण २००५ पासूनचाच. त्याआधीचं सगळं त्या डब्यात होतं.

शुभाआत्या, ९.२६
ऐकलंस रोहन?

रोहन, ९.२७
बिनमध्ये हात घालून उभा आहे आई. वाचतोय.

अण्णाकाका, ९.३१
मागचं लाकूड काळं पडलंय म्हणे. गोडंतेल चोळा.

मंदार, ९.३८
तेल नको, काळं कायमचं आत मुरेल. ते अ‍ॅशचं लाकूड, आणि शोभेचं नाही, मागची अख्खी बॉडी त्यावर उभी आहे. कुजलं तर एमओटीत नापास. जुनं वार्निश खरवडायचं, काळ्या डागांवर कोमट पाण्यात विरघळवलेलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावायचं. हातमोजे घालूनच, विषारी असतं. मग धुऊन पुरतं वाळू द्यायचं आणि नंतरच वार्निशचे पातळ हात. घाईत ओल कोंडली की वार्निश पापुद्र्यांनी सुटतं. पण आधी टोचणीने खालचे आडवे दांडे आणि खांबांचे बुंधे टोचून बघा. आत गेली तर वार्निश विसरा, सुतार शोधा. सरकत्या काचांच्या खाचाही साफ करा, पाणी तिथूनच उतरतं.

केतकी, ९.४०
त्या खाचांत शेवाळ आहे. कोथिंबीर पेरली तर उगवेल.

नानाकाका, ९.४१
लाकडाला नाही, ट्रनियनला म्हणतोय मी. ईपी-९०.

अण्णाकाका, ९.४२
नाना, फोन ठेव जरा.

नानाकाका, ९.४२
तू ठेव.

रोहन, ९.५५
सापडलं!! लॉगबुक, एमओटीचे कागद, टॅक्स डिस्कचं पाकीट. दुधाच्या खोक्याखाली होतं, भिजलंय. इस्त्री फिरवू?

मंदार, ९.५६
इस्त्री नको!! हेअर ड्रायरही नको. शिक्क्यांची शाई पसरेल. चिकटलेली पानं ओढू नकोस. सुटतात तिथे किचन पेपर घाल, वर हलकं पुस्तक ठेव, दर दोन तासांनी कागद बदल. हीटरवर ठेवू नकोस. आधी दिसेल त्या प्रत्येक पानाचा फोटो काढ.

रोहन, १०.०४
पहिला शिक्का: सिटी ऑफ कॉव्हेंट्री. जून १९६७. खाली रंग 'ग्रीन', खोडून 'ब्लू'. दुसरा शिक्का लेस्टर, तारीख फुटलीय. पहिल्या मालकाचं नाव पाण्यात गेलं.

अण्णाकाका, १०.०६
म्हणजे सेकंडहॅण्डच.

शुभाआत्या, १०.०८
हो अण्णा, सेकंडहॅण्ड. कागद वाळेपर्यंत कोणी गाडी बघायला बोलवायचं नाही. आणि निळा डबा धुवून गॅरेजमध्ये परत ठेवा.

केतकी, १०.०९
आई, अर्ध्या चकल्या अजून आहेत त्यात.

नानाकाका, १०.११
डब्यात एक चिठ्ठी टाकून ठेवा. ई पी नव्वद.