पहिल्या नंबरची गॅरंटी आणि महिन्याचा हप्ता : सोलापूरच्या दुकानदारानं एसईओवर पैसे घालावेत का?

चाटीगल्लीकर
ओळखीचे एक टॉवेलवाले मालक आहेत, अक्कलकोट रोडला कारखाना. त्यांच्याकडे एसईओचा, म्हणजे गुगलच्या शोधात साईट वर आणायच्या कामाचा, एक एजन्सीवाला येऊन गेला. महिना पंधरा हजार, सहा महिन्यांचा करार, पाचशे बॅकलिंक (दुसऱ्यांच्या साईटवरून आपल्या साईटकडं येणाऱ्या लिंका) आणि गुगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी. मालक सही करायच्या बेतात होते, मी अडवलं.

गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. विकतच्या लिंकांवर तर २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून, म्हणजे गुगलनं शोधाच्या पद्धतीत केलेल्या बदलापासून, वरवंटा फिरतोय. कोटेशनमध्ये 'मेटा कीवर्ड भरणे' अशीही एक ओळ होती, म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांचा टॅग टाकणं. रँकिंगसाठी तो टॅग आपण बघतच नाही, हे गुगलनं २००९ मध्ये जाहीर केलंय. मेलेल्या कामाचं बिल फाडायचा प्रकार हा.

आपल्याकडं किरकोळ गिऱ्हाईक नकाशा बघून येतं, घाऊक माल एजंटमार्फत जातो. नकाशावर दुकान दाखवणारं गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट, साईट शोधात कशी दिसते ते सांगणारं गुगलचं सर्च कन्सोल फुकट. मग हप्ता कशाचा?

रँकवाला
मी याच कामावर पोट भरतो, तेव्हा माझं मत त्या हिशोबानं वाचा. गॅरंटीवाला फेकतोय, मान्य. पण भोंदू डॉक्टर सापडला म्हणून कुणी दवाखान्यात जायचं सोडत नाही.

एका चादरवाल्यांची साईट माझ्याकडं आली. अख्खा कॅटलॉग फोटो काढून चढवलेला. डिझाइन नंबर, साईझ, भाव, फोन, सगळं चित्रात. मजकूर म्हणाल तर पानावर एक ओळ नाही. वर साईट बनवताना टाकलेला 'नोइंडेक्स' टॅग काढायचाच राहिलेला. 'हे पान शोधात दाखवू नका' असं गुगलला सांगणारा तो टॅग. आणि मालक चारचौघांत सांगत होते, आपल्या धंद्याला वेबसाईट चालत नाही! सर्च कन्सोल फुकट आहे हो, पण उघडून बघणार कोण?

चाटीगल्लीकर
टॅग काढायला पाच मिनिटं लागतात. त्याचं बिल दर महिन्याला?

रँकवाला
काढायला पाच मिनिटं, सापडायला अनुभव. आणि परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही गुगलच सांगतं. तेवढे दिवस कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

टेरीवाला
आमचा माल हॉटेलांना जातो, म्हणून सांगतो. आमच्या साईटवर पूर्वी 'सुपर सॉफ्ट, एक्सपोर्ट क्वालिटी' असलं भरताड होतं. ते काढून लिहिलं : ३० बाय ६० इंच, ५०० जीएसएम, वजन साधारण ५८० ग्रॅम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. हा टॉवेल भरतो १.१६ चौरस मीटर, गुणाकार करून बघा. हॉटेलचा खरेदीवाला मऊपणा नंतर बघतो, आधी नग काट्यावर टाकतो. ५०० सांगून ४२० चा माल दिलेले त्याला बरेच भेटलेले असतात. पुढं लिहिलं : पहिल्या धुण्यात किती आटतो, सूत सिंगल की डबल, काठात हॉटेलचं नाव विणून हवं तर कमीत कमी किती नग.

आधी फोन यायचे, 'भाव काय?' आणि ठेवून द्यायचे. आता समोरचा थेट विचारतो, '५०० वाला दोनशे नग, नाव विणून, कधी देता?' पाचशे बॅकलिंकांनी हे झालं नसतं.

चाटीगल्लीकर
मग मी वेगळं काय म्हणतोय? पान लिहिलं कुणी? तुम्हीच की.

टेरीवाला
लिहिलं मी, पण काय लिहायचं ते एकानं दाखवलं. सर्च कन्सोल उघडून त्यानं लोक काय टाइप करतात ते काढलं. जीएसएम आणि वजन विचारणाऱ्यांना आमची साईट दिसत होती, क्लिक कुणी करत नव्हतं, कारण पानावर तो आकडाच नव्हता. हे मला माझं मी कधी कळलं नसतं. मात्र त्याला पैसे एकदाच दिले, महिन्याला नाही.

शेंगाचटणी
मुळात वेबसाईट पाहिजे कशाला? आमची चटणी आणि कडक भाकरी व्हॉट्सॲपवरनं पुण्या-मुंबईला जाते. आता तर गुगल वरतीच एआयचं उत्तर देतंय. माणूस तिथंच वाचतो नि निघतो. आम्ही रिव्ह्यूवर जोर देणार. पाच स्टार द्या, पाकीट फुकट न्या.

रँकवाला
चटणी कशी करतात ते वाचायला येणारा तुमचं गिऱ्हाईक नव्हताच, गेला तर जाऊ द्या. कुरिअरनं मागवणारा अजूनही दुकान शोधतो. आणि ते पाकीट आवरा. रिव्ह्यूच्या बदल्यात वस्तू किंवा सूट देणं गुगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यू उडवतात, प्रोफाइलवरही बंधनं येतात.

बाळीवेसकर
रँकवाले, दुसऱ्यांना नियम सांगताय, पण तुमच्या धंद्यातले लोक काय करतात? 'पुण्यात सोलापुरी चादर', 'नाशिकमध्ये सोलापुरी चादर', 'लातूरमध्ये सोलापुरी चादर'. गावाचं नाव बदललं की पान तयार. दुकान एकच, तेही नवी पेठेत. गुगल त्याला डोअरवे पानं म्हणतं आणि स्पॅममध्ये धरतं. मार्च २०२४ पासून तर घाऊक पाडलेल्या मजकुराविरुद्ध स्वतंत्र नियमच आहे, एआयनं लिहा नाहीतर हातानं.

रँकवाला
करतात, नाही म्हणत नाही. महिन्याच्या पैशात 'काम दिसलं पाहिजे' म्हणून गिऱ्हाईकच मागं लागतं. या महिन्यात काही करायची गरज नव्हती असं बिल कोण देईल?

चाटीगल्लीकर
हेच तर! हप्ता ठरला की गरज नसताना पानं पाडावी लागतात. कामाची यादी करा, दर ठरवा, झालं की पैसे घ्या. चार महिन्यांनी परत एकदा बघा, त्याचे वेगळे घ्या.

रँकवाला
यादीनं काम करायला मी तयार आहे. यादीत पहिलं हे घाला : डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? अर्ध्या मालकांना माहीत नसतं.

शेंगाचटणी
एक जुनी साईट आहे आमची. डोमेन बनवणाऱ्या पोराच्या नावावर, आणि ते पोरगं आता बेंगळुरूला.

रँकवाला
भांडू नका त्याच्याशी. गोड बोलून रजिस्ट्रारकडचा (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचा) ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, मागवा, डोमेनचं लॉक काढायला सांगा, आणि तुमच्या फर्मच्या नावानं खातं उघडून त्यात ट्रान्सफर करून घ्या. सर्च कन्सोलमध्ये आणि बिझनेस प्रोफाइलमध्ये मालक म्हणून तुमचा ईमेल आहे ना, तेही बघा. मुदत संपायच्या आत करा, बास.

शेंगाचटणी
मुदत मार्चला संपतीय. आजच फोन लावतो.