ऑगस्टअखेर फुकेत की कोह समुई? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासरे आणि लहान लेकीला घेऊन थायलंडला जायचंय. फुकेत जवळजवळ ठरलंच होतं, पण तिथे तेव्हा नैऋत्य मोसमी पाऊस असतो. पावसाचं काही नाही, कोकणातलेच आहोत आम्ही. खरी काळजी समुद्राची. पातोंग, काता, करोन हे सगळे किनारे पश्चिमेला, त्यामुळे लाटा उंच, पाण्याला ओढ जबरदस्त, लाल बावटे लागतात. फुकेतजवळची सिमिलन बेटंही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद. कोह समुई बेट मात्र पूर्वेकडे, थायलंडच्या आखातात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मग समुईच घ्यावं का? त्या दिवसांत जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, लेकीला पाण्यात खेळू देण्याइतका समुद्र शांत होता का? आणि सासूबाईंना बोट लागते, तर फेरीबोट फार हलते का?