मोठ्या प्रवाहाचा डीसी डिस्कनेक्ट: कमी खर्चात नेमके काय घ्यावे?

रोहित्र (धागाकर्ता)

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १६ सेलांची, ५१.२ व्होल्टची बॅटरी बांधताना बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) निवडण्यात लोक पुष्कळ वेळ घालवतात. पण त्या बीएमएसचा आदेश आल्यावर प्रत्यक्ष प्रवाह तोडणारा भाग मात्र उरलेल्या पैशांत बसेल तो घेतात. सतत २५० अँपिअर वाहणार असतील, तर शंट ट्रिप (वीज दिली की ब्रेकर पाडणारी कॉइल) असलेला डीसी ब्रेकर आणि त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या टोकाशी, टी वर्गाचा (खूप मोठा शॉर्ट प्रवाह झटकन तोडणारा) फ्यूज ही जोडी सर्वांत कमी खर्चात सर्वांत भरवशाची ठरते, असे माझे ठाम मत आहे.

मॉस्फेटचा, म्हणजे हलते संपर्क नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा, पर्याय स्वस्त दिसतो. परंतु मॉस्फेटच्या आतल्या डायोडमुळे तो प्रवाह एकाच दिशेने अडवतो, म्हणून चार्जिंग आणि डिस्चार्ज दोन्ही तोडायचे तर दोन संच पाठीला पाठ लावून जोडावे लागतात. अशा रचनेचा एकूण रोध ०.८ मिलीओहम धरला, तरी २५० अँपिअरला ५० वॉट उष्णता होते. शिवाय मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे ज्या क्षणी तोडायचे त्याच क्षणी तो जोडलेला राहतो. कॉन्टॅक्टरचा, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने संपर्क जोडणाऱ्या मोठ्या रिलेचा, दोष वेगळा आहे. साध्या कॉइलला १२ वॉट लागत असतील, तर दिवसाला २८८ वॉट-तास नुसते संपर्क धरून ठेवण्यात जातात. २८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील ही सुमारे २ टक्के ऊर्जा झाली. शंट ट्रिप ब्रेकरच्या कॉइलला मात्र ब्रेकर जोडलेला ठेवण्यासाठी काहीच वीज लागत नाही.

कातळ

धागाकर्त्यांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. शंट ट्रिपला ब्रेकर पाडण्यासाठी वीज द्यावी लागते. बीएमएसचाच पुरवठा गेला, त्याची एखादी तार सैल झाली किंवा त्याचा प्रोसेसर अडकला, तर ब्रेकर जसाच्या तसा जोडलेला राहील आणि सेलांवर कोणाचेच लक्ष नसेल. लॅचिंग कॉन्टॅक्टरलाही, म्हणजे वीज गेली तरी आहे त्याच स्थितीत राहणाऱ्या कॉन्टॅक्टरलाही, हाच आक्षेप लागू होतो. साध्या कॉन्टॅक्टरची कॉइल वीज गेली की सुटते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच त्याचा मुख्य गुण आहे. कॉइलच्या खर्चाचे म्हणाल, तर इकॉनॉमायझर (कॉइलची वीज कमी करणारे सर्किट) असलेल्या कॉन्टॅक्टरला एकदा ओढून घेतल्यावर धरून ठेवायला साधारण २ वॉट पुरतात.

दुसरा मुद्दा दिशेचा. डीसीमध्ये प्रवाह शून्यातून जात नसल्यामुळे आर्क आपोआप विझत नाही. अनेक ब्रेकरांमध्ये चुंबक त्या आर्कला विझवणाऱ्या पट्ट्यांकडे ढकलतो. प्रवाह उलटा असेल, तर तोच चुंबक आर्कला भलत्या बाजूला ढकलतो आणि ब्रेकर जळू शकतो. बॅटरीत प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो, हे लक्षात न घेता अंगावर धन-ऋण खुणा असलेला स्वस्त ब्रेकर बसवणे धोक्याचे आहे. एसीचा ब्रेकर तर इथे विचारातही घेऊ नये.

वीजवाहक

मॉस्फेटला इतक्या लवकर बाद करू नये. २५० अँपिअर एकाच ठिकाणी तोडण्याचा आग्रह सोडला आणि तीन बॅटऱ्या समांतर लावून प्रत्येकीला स्वतःचा मॉस्फेट बीएमएस दिला, तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ८३ अँपिअर येतात आणि १ मिलीओहमला जेमतेम ७ वॉट उष्णता होते. एक बॅटरी बाजूला काढली, तरी काम चालू राहते. तोडण्याचा वेगही कॉन्टॅक्टरपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि झिजणारे संपर्क नसतात.

रोहित्र (धागाकर्ता)

@वीजवाहक, एक बॅटरी सुटली की तिचा भार उरलेल्या दोघींवर पडतो. त्यांचीही मर्यादा १०० अँपिअरचीच असेल, तर एकामागून एक तिन्ही सुटतील. वेगाची किंमतही मोजावी लागते. तारांचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करून ऊर्जा साठवण्याचा गुण) २ मायक्रोहेन्री असेल आणि शॉर्टचे २००० अँपिअर झटकन तोडले, तर ४ ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ती बहुधा मॉस्फेटमध्येच जिरते आणि तो जातो.

@कातळ, दिशेचा मुद्दा पूर्णपणे मान्य. ब्रेकर दोन्ही दिशांनी तोडू शकणाराच हवा. पुरवठा जाण्याच्या भीतीवर मात्र ब्रेकरमध्येच उपाय आहे: शंट ट्रिपऐवजी अंडरव्होल्टेज रिलीज घ्यावा, म्हणजे वीज गेली की ब्रेकर पडतो. त्यासाठी थोडी वीज सतत लागते, हे खरे. तरीही ब्रेकर हाताने उचलावा लागतो, हा मला गुणच वाटतो. बीएमएसने आधी चार्जरला आणि इन्व्हर्टरला थांबण्याचा संकेत द्यायचा असतो. त्यानंतरही डिस्कनेक्टवर वेळ आली, तर काहीतरी गंभीर बिघडले आहे आणि माणसाने ते पाहिल्याशिवाय जोडणी पुन्हा होऊ नये.

फ्यूजवर मी इतका भर का देतो, तेही सांगतो. एका सेलचा अंतर्गत रोध ०.२ मिलीओहम धरला, तर १६ सेलांचा ३.२ होतो, तारा आणि जोडपट्ट्यांचा तेवढाच धरला, तरी शॉर्टमध्ये ८००० अँपिअर वाहतील. पुष्कळ स्वस्त ब्रेकरांची तोडण्याची क्षमता याहून कमी असते, तर टी वर्गाचा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो.

कातळ

फ्यूजबाबत दुमत नाही. जिथे बॅटरीजवळ रोज कोणी जात नाही, तिथे हाताने उचलावा लागणारा ब्रेकर म्हणजे दिवसेंदिवसांचा अंधार, त्यामुळे मी कॉन्टॅक्टरच घेईन. मात्र त्यासोबत दोन गोष्टी हव्यातच. पहिली म्हणजे कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर, कारण इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर थेट जोडले की क्षणभर हजारो अँपिअर ओढतात आणि संपर्क चिकटतात. दुसरी म्हणजे चिकटलेला संपर्क ओळखण्याची सोय. उघडण्याच्या आदेशानंतर इन्व्हर्टरकडच्या टोकावरचा व्होल्टेज मोजावा. कपॅसिटर भरलेले असल्याने तो लगेच खाली येत नाही, म्हणून तिथे साठलेला भार हळूहळू रिकामा करणारा एक ब्लीड रेझिस्टर लावून काही सेकंदांनी पुन्हा मोजावा. तरीही तो बॅटरीइतकाच राहिला आणि चार्जर बंद असेल, तर संपर्क उघडलेला नाही असे समजून हाताने चालवायचा स्विच ताबडतोब बंद करावा.